भिंतीवर आदळणारा पहिला धोंडा

सर, भिंत उभी आहे, पण मधोमध, कमरेच्या उंचीवर, आरपार तडा गेला आहे. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने आज सकाळी फोनवर खात्रीने सांगितलं आणि फोटोही पाठवला. काल दुपारी नाल्यातून दगड-चिखलाचा लोंढा आला. त्याच्या मते लहानच होता. भिंतीमागच्या वसतिगृहात कुणी नव्हतं, मुलं सुट्टीला घरी गेली आहेत. सोमवारी परत येतील. हिमालयातली ती भिंत लातूरच्या माझ्या ऑफिसात आखली गेली, नकाशावर सही माझी आहे. सकाळपासून मी खुर्चीत धड बसलेली नाही. दोनदा जिना उतरून रस्त्यापर्यंत गेले आणि कशाला आले ते न आठवून परत फिरले.

नांदेडच्या कॉलेजात मी तुम्हाला अशाच एका डोंगरातल्या भिंतीचं गणित दाखवलं होतं. वहीवर नजर टाकून तुम्ही म्हणालात, "गणित बराबर हाय. पाणी कुठलं धरलंस? रांजणातलं?" वर्ग हसला. मी हदगावची. पाणी म्हणजे आमच्याकडे कापसाच्या सऱ्यांतून सावकाश चढणारं, ते दगड घेऊन धावतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. चिडवून झाल्यावर तुम्ही मला आणि दोन मैत्रिणींना मोंढ्यात नेलंत. एक हमाल ढिगावर सोयाबीनचं पोतं रिकामं करतोय. दाणे घसरतात, पण त्यांच्या आधी मातीची ढेकळं गडगडत पायथ्याशी येतात, एक तर माझ्या चपलेवर. "बघ, मोठं ते पुढं पळतं," तुम्ही म्हणता. "डोंगरातबी तसंच. चिखल भिंतभर दाबतो. त्याच्या म्होरं धोंडा येतो अन् सगळा जोर एका जागी घालतो. भिंत धोंड्यासाठी बांधायची." हमाल पोतं झटकत विचारतो, "सर, पोरींना हमालीला लावून राहिले काय?" "लावलं असतं रे. पोतं उचलंना ह्यांच्यानं, म्हणून इंजिनियर करून राहिलो."

ते मी विसरले नव्हते, सर. चिखलाचा दाब काढला. वेग दुप्पट तर दाब चौपट, हेही धरलं. मग वेगळ्या कागदावर बैलाएवढा एक धोंडा घेऊन त्याचा मार काढला. भिंत जवळजवळ दुप्पट जाड निघाली, पायाही बदलावा लागणार होता. म्हणजे नवे नकाशे, नव्याने मंजुरी. आणि शुक्रवारी काम द्यायचं होतं. इतक्या वर्षांत मी दिलेली तारीख एकदाही चुकवलेली नाही, लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात. नाल्याच्या फोटोंत मोठे धोंडे दिसत होते, पण त्यांच्यावर शेवाळ होतं. शेवाळ आहे म्हणजे हे हलत नाहीत, असं मी ठरवून टाकलं. चिखलाच्या दाबाची भिंत शुक्रवारी दुपारीच पाठवली. धोंड्याचा कागद फाईलमध्ये तसाच राहिला. आज सकाळच्या फोटोत तड्याखाली एक धोंडा पडला आहे. त्याच्या एका अंगाला शेवाळ आहे.

दोन तासांपूर्वी मी तिथल्या साहेबांना मेल केला, की भिंत मजबूत होईपर्यंत मुलांना त्या इमारतीत आणू नका. रविवारपासून पुन्हा जोराचा पाऊस सांगितला आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं. दुसरी जागा नाही, शाळा बुडेल, आणि भिंतीने काल काम केलंच की. त्यांना पटवायला धोंड्याचा तो कागद पुरेसा आहे. तो मी अजून जोडलेला नाही. मेलमध्ये मी लिहिलं आहे, 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार'. माझ्या हाताखालच्या मुलीने वाचून मान डोलावली, म्हणाली, "मॅडम, चांगलं लिहिलंत. कुणावरच येत नाही."

चार वाजता साहेबांचा फोन येणार आहे. नवी माहिती कोणती, हेच ते आधी विचारतील. नवी काहीच नाही, सर. त्या कागदावर माझ्या अक्षरात तारीख आहे, त्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाची.