रबरी रणगाडे आणि बंद लिफ्ट

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
४ जून २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलंय, या वयात हाताला लिहायची सवय राहिली. पोटाचं विचारलंस. डॉक्टर पित्त म्हणतात. मुग्धा मऊ भातावर ठेवते, लेकीचा एवढाच काय तो छळ.

आमच्या इतिहास मंडळासाठी लेख लिहितोय. १९४४ साली दोस्त राष्ट्रांची फौज नॉर्मंडीत उतरली, तरी जर्मनांनी आपलं मोठं सैन्य कॅलेजवळ आठवडेच्या आठवडे बसवून ठेवलं. खरा हल्ला तिथंच होणार, अशी त्यांची समजूत करून दिली होती. त्यासाठी रबरी रणगाडे उभे केले आणि नसलेल्या फौजेचे किरकोळ निरोप वायरलेसवर धाडत राहिले. वाद असा, की कुमक अडली ती या थापांनी, की बॉम्बनं तुटलेल्या पुलांनी? मी थापांच्या बाजूचा.

जुलैत येते म्हणतेस, पण आमची लिफ्ट बंद आहे. मल्लाप्पा वॉचमन रोज ‘नाळे’ म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही. सातवा मजला आणि तुझे गुडघे यांची सोयरीक नको. दिवाळीला ये.

लोभ आहेच, वर थोडी बोलणी बसली तरी चालतील.

तुझा,
अजित


बेळगाव
१८ जुलै २०२५

चि. अजित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली. मेट्रोनं इंदिरानगरला जातोस, लोणी डोसा खातोस, वाचून बरं वाटलं. पण आपल्या बाबांचं घड्याळ दुरुस्त करून आणलंय, तुला पाठवू की मुग्धाला, असं मी दोनदा विचारलं. तू त्यावर अक्षर लिहिलं नाहीस. शाळेत उत्तर येत नसलं तरी अर्धं पान भरणारा तू!

लिफ्ट अजून तशीच का रे? मला भीती वाटते. मी येऊ का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

रागावू नकोस, माया आहे म्हणून विचारते.

तुझी अक्का


व्हाइटफील्ड
२८ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबा गेल्याचं तुमच्या शेजारच्या श्वेताकडून कळलंच आहे. बाकीचं मी सांगायला हवं.

लिफ्ट कधीच बंद नव्हती. मे महिन्यातच रिपोर्ट आला होता, स्वादुपिंडाचा कॅन्सर. बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाले, अक्का दाजींच्या उशाशी तीन महिने बसली, पुन्हा तिच्यावर ती पाळी नको. हात चालत होता तोवर त्यांनी पुढच्या तारखा घालून पाच पत्रं लिहून ठेवली. मी फक्त टाकत होते. डोसा, मेट्रो, सगळं पलंगावर बसून लिहिलेलं. तुमचा घड्याळाचा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा ओशाळून हसले. आधीच लिहिलेल्या पत्रात त्याचं उत्तर कुठून येणार?

तुमचं शेवटचं पत्र चोवीसला आलं. बाबा म्हणाले, हो लिही. श्वेताला फोन करू का विचारलं, तर नको म्हणाले, अक्का घाबरेल. मी कार्ड लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. कार्ड माझ्या पर्समध्येच राहिलं, सोबत पाठवते. मी तेव्हाच फोन करायला हवा होता. मला माफ करा.

लेखाचं शेवटचं पान कोरं आहे.

तुमचीच,
मुग्धा


बेळगाव
१ ऑगस्ट २०२५

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाळ, माफी मागायची असेल तर ती मी मागायची. तू दिलेला शब्द पाळलास.

बारा जुलैचं माझं तिकीट काढलेलं होतं. श्वेतानंच मोबाइलवर काढून दिलं. मग तिला म्हटलं, रद्द कर, लिफ्ट बंद आहे. ती म्हणाली, आजी, बिल्डिंगच्या ऑफिसात फोन करून विचारू का? मी नको म्हटलं. घड्याळाचं पहिल्यांदा उत्तर आलं नाही तेव्हाच तो काहीतरी लपवतोय हे मला कळलं होतं. पण माझ्या यजमानांचं ते शेवटचं आजारपण बघितल्यावर माझ्यात धीर उरला नव्हता. लिफ्ट बंदच असावी असं मला वाटत होतं. पुढं हो-नाही त्याच्यावर टाकलं आणि मी मोकळी झाले.

तेव्हा त्या कोऱ्या पानावर लिही, की तुझ्या बाबाच्या थापेनं कुणी अडलं नाही आणि पूलही शाबूत होते. जर्मनांचं मला ठाऊक नाही, पण मला जागेवरून हलायचंच नव्हतं.

कार्ड मिळालं. पाच तारखेला सकाळी यशवंतपूरला उतरते, तेराव्याला पोचेन. घड्याळ सोबत आणते, तू वापर. श्वेता फोनवर वेळ कळवेल, स्टेशनवर ये. आणि मल्लाप्पाला सांग, मी जिन्यानं चढणार आहे.

तुझी,
आत्या