हॉलंड नव्हे, हॉलंडसारखे

हानोफर, जून १९६३

तीर्थरूप सौ. वसुताईच्या पायांवर धाकट्या स्नेहलताचा, ओव्हरकोटाच्या बटणांतून जमेल तितके वाकून नमस्कार. (होय, जूनमध्येही ओव्हरकोट.)

आप्पांचा गुडघा, भावोजींची दाढ आणि तुझा शेजारणीशी अबोला, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. आम्ही खुशाल आहोत. तू विचारले होतेस, सुधीरराव तुला कुठे फिरवून आणतात की नाही? आणले. त्याचीच हकिगत लिहिते. पत्र जेवणाआधी वाचू नकोस, आमटी करपेल.

मी एकदा सहज म्हटले होते की हॉलंडातली ट्यूलिपची फुले पाहावीत. ह्यांनी ते मनावर घेतले, पण आपल्या पद्धतीने. हॉलंडला व्हिसा लागतो. तेव्हा व्हिसा न लागणारे हॉलंड शोधायचे. आणि ते ह्यांना सापडले! जर्मनीच्या पार उत्तरेला फ्रीडरिशश्टाट नावाचे गाव आहे. धर्मापायी छळ झालेल्या डच लोकांना तिथल्या ड्यूकने पूर्वी बोलावून घेतले आणि त्यांनी आपल्या देशासारखेच कालवे, पूल आणि पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची घरे बांधली. कुठल्याही पंथाचा माणूस यावा, आसरा मिळावा, अशी त्या गावाची कीर्ती. आगगाडीत हे सर्व ह्यांनी मला दोनदा सांगितले. (ट्यूलिप जूनमध्ये नसतात, हे मात्र तिथे उतरल्यावर मला माळ्याने सांगितले.)

तुला आठवतच असेल, लग्नानंतर पंधरवड्यातच हे इकडे परतले आणि मी आले ती दीड वर्षाने. बंदरावर मी ह्यांना ओळखले ते टोपीवरून. म्हणजे आमचा मधुचंद्र राहिलेलाच होता, आणि तो या गावी उरकायचा होता. उतरलो फ्राऊ थॉमसेन नावाच्या विधवा बाईंच्या पेन्सिओनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या खानावळीला वर खोल्या असाव्यात तसे. बाईंनी दोघांचे पासपोर्ट उघडले. ह्यांच्यावर वर्तक, माझ्यावर माहेरचे खांबेटे! (लग्न ठरताच आप्पांनी घाईघाईने पासपोर्ट काढला, त्याचे हे फळ.) लग्न न झालेल्या जोडप्याला एक खोली दिली, तर इथे मालकिणीलाच पोलीस धरतात म्हणे. हे खुलासा करू लागले. बोलून बोलून कपाळाला घाम आला. मी मंगळसूत्र दाखवले. बाई म्हणाल्या, माळ सुरेख आहे.

शेवटी त्यांनी थेट मलाच काहीतरी विचारले. आता माझे जर्मन तुला ठाऊक नाही. मला त्या वेळी एकच वाक्य घोटून येत होते: "आइन बिस्शेन," म्हणजे थोडेसे. जर्मन येते का? थोडेसे. कॉफी हवी का? थोडीशी. आजवर त्यावर कुठे अडले नव्हते. मी हसून म्हटले, "आइन बिस्शेन." ह्यांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी विचारले होते, हे गृहस्थ तुमचे नवरे आहेत का?

झाले. ज्या गावाने देशोदेशीच्या पंथांना पोटाशी धरले, तिथे एका कोकणस्थ जोडप्याला एक खोली मिळेना. ह्यांची रवानगी माळ्यावर, माझी बाईंच्या बहिऱ्या सासूच्या खोलीत. भेटायचे तर दिवाणखान्यात, दार उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी एकांत मिळावा म्हणून ह्यांनी होडी भाड्याने घेतली. हे जलशास्त्रात डॉक्टरेट करताहेत. कुठल्या नळातून पाणी किती वेगाने जाईल ते ह्यांना कागदावर अचूक सांगता येते; पाण्यावर होडी कशी जाते, तो विषय बहुधा दुसऱ्या प्रोफेसरांकडे असावा. होडीने स्वतःभोवती प्रदक्षिणा घातल्या, एक वल्हे निसटून बदकांकडे गेले आणि आम्ही कालव्याच्या मधोमध अडकलो.

मग मात्र ताई, मी उभी राहिले (होडीत उभे राहू नये म्हणतात) आणि चार महिन्यांचे साचलेले सगळे बोलले. ट्यूलिप, उकडलेले बटाटे, सबंध गल्लीत मराठीचा एक शब्द नाही, आणि नवरा प्रयोगशाळेतून उशिरा येऊन "या, गेनाऊ" (म्हणजे हो, बरोबर) एवढेच बोलतो ते! पुलावर माणसे थांबली. फ्राऊ थॉमसेनही त्यात होत्या.

हे उरलेले वल्हे आत घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "तुला इथं करमत नाही, होय ना?"

"आज विचारताय?"

"विचारलं आणि तू 'नाही' म्हणालीस, तर पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. म्हणून विचारलंच नाही."

मी मटकन खाली बसले. मग ह्यांनी सांगितले की मी यायच्या आधी हे रोज पिठले करायला शिकत होते, मला पहिल्या दिवशी खाऊ घालावे म्हणून. डाळीचे पीठ मिळेना, तेव्हा मक्याचे घेतले. ते असे घट्ट बसले की पातेल्यासकट टाकावे लागले आणि नवे पातेले आणले, जे मी गेले चार महिने वापरते आहे. मी इतकी हसले की होडी पुन्हा फिरली.

फ्राऊ थॉमसेननी लांब आकडीने आम्हाला काठाला ओढले आणि ह्यांना फैलावर घेतले, "अहो हेर वर्तक (हेर म्हणजे इथे श्रीयुत), आधीच असं भांडून का नाही दाखवलंत? परक्या पुरुषाला कुठली बाई असं बोलेल?" संध्याकाळी आम्हाला कालव्यावरची दुहेरी खोली मिळाली.

थोरांना नमस्कार, लहानांचे पापे.

तुझी,
स्नेहलता

ता. क. मागच्या पत्रात मी तुला आप्पांकडे माझ्या परतीच्या तिकिटाचा विषय काढायला सांगितले होते. काढला नसशील तर काढू नकोस.

पुन्हा ता. क. काढला असशील तर सांग, ते पत्र लिहिले तेव्हा स्नेहलताला सर्दी झाली होती, आणि सर्दीत ती वाटेल ते लिहिते.