चांदीचा पान्हा

आबा, तुम्ही गेल्याला पस्तीस वर्षं होऊन गेली आणि आज ट्रंक आवरताना तुमचा खाकी सदरा हाती आला. उजव्या बाहीच्या काठाच्या दशा झाल्यात. बायको म्हणाली, "उंदरांनी कुरतडलाय, टाकून द्या." मी म्हणालो, उंदीर नव्हेत, म्हशीनं चाटून झिजवलाय. ती हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय.

चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, लालबागच्या गोठ्यातल्या आपल्या नऊ म्हशींत सगळ्यात हट्टी. तिचं रेडकू आठव्या दिवशी गेलं. असं झालं की म्हैस पान्हा चोरते, कासेत दूध उतरू देत नाही. मग कुणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करत, कुणी पान्ह्याचं इंजेक्शन टोचत. तुम्ही दोन्ही करू दिलं नाहीत. "तिला फसवून काढलेलं दूध माझ्या चरवीत नको." त्यापेक्षा स्वतःच तिच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचात, बाही चाटायला द्यायचात, मानेखाली खाजवायचात. पंधरा-वीस मिनिटांनी कासेत दूध उतरलं की मग खाली बसायचात. बाहेर गिऱ्हाईक ओरडतंय, "मालक, म्हशीची आरती झाली असेल तर माप भरा!" आणि तुम्ही आतून, "आधी माझी बाही सोडायला सांगा तिला!"

मी तेव्हा तुमच्यात नव्हतो. मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो होतो आणि मला शेणाचा वास सोसत नव्हता. एकदा जेवताना म्हणालो, "आबा, ताटावर बसायच्या आधी सदरा तरी बदला." तुमचा घास हातातच राहिला. रोज पहिली चरवी आम्हा पाच जणांसाठी घरी आणणारा, खरवसाचा डबा माझ्या बहिणीच्या सासरी वरळीला स्वतः पोचवणारा माणूस तुम्ही. उठलात, सदरा बदललात, आणि पुन्हा कधी त्या सदऱ्यात जेवायला बसला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

मग संप झाला. महिन्याभरात मिटेल म्हणत होतो. आठव्या महिन्यात मी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "म्हशींना संप ठाऊक नाय. वैरण घाल." टोमणा होता की बोलावणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही अंथरूण धरलंत. बाकीच्या आठ म्हशींनी मला चालवून घेतलं, चांदीनं नाही. तिची कास दगडासारखी झालेली. तिसऱ्या दिवशी आई तुमचा सदरा हातात देते, "हा घाल. वास ओळखते ती. आणि घाई करू नको." पावणेतीनला मी गोठ्यात जातो, साडेतीनला भरली चरवी घेऊन घरी येतो आणि सांगतो, "सदरा ओळखला तिनं." तुम्ही उठून बसलात. डोळे पिवळेजर्द, पण हसलात. "सदरा नाय रे. तुला ओळखलं." मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. "पोरगा परत आला माझा. चांदीनं त्याला पान्हा सोडला."

आबा, ते इंजेक्शन होतं. शेजारच्या गोठ्यातून बाटली आणि सुई आणली होती. वीस दिवस, दोन्ही वेळच्या धारेला टोचलं.

तुम्ही बरे झालात आणि सरळ चांदीपाशी जाऊन उभे राहिलात. बाही पुढे केलीत. तिनं चाटलीही. चाळीस मिनिटं झाली, कासेत थेंब उतरला नाही. चार दिवस असंच; तुमची पाठ वळली की मी सुई टोचून धार काढायचो. पाचव्या दिवशी तुम्ही चरवी विसळलीत, पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. "माझा हात गेला रे. आता तिचा माणूस तू." त्यानंतर तुम्ही कुठल्याच म्हशीखाली बसला नाहीत. शेवटची दोन वर्षं दारात पेंडीच्या पोत्यावर बसून मापं भरलीत.

तेव्हा मलाही वाटलं, आजारपणानं हात गेला असेल. सातवीत शाळा सोडलेला मी. इंग्रजी पुढे शब्दकोश घेऊन स्वतः शिकलो, कुणाची शिकवणी नाही. गिरगावात फुटपाथवर जनावरांच्या डॉक्टरकीचं एक जुनं पुस्तक मिळालं होतं, ते ओळ न ओळ वाचून काढलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: इंजेक्शनची सवय लागली की म्हैस त्याशिवाय पान्हा सोडेनाशी होते. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. एकाही शब्दाचा अर्थ चुकत नव्हता. तुमचा हात गेला नव्हता, आबा. मी घालवला होता. तुम्ही जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आता करी रोडच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. गोठ्याच्या जागी गाड्या लागतात. हे पत्र कुठे टाकणार? घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतोय, आणि सदरा परत ट्रंकेत.

अजून एक राहिलं. आईनं दिलेला सदरा त्या दिवशी मी अंगात घातलाच नव्हता. वास नको म्हणून दाराशीच खुंटीला अडकवला आणि सुई काढली. धार संपेपर्यंत चांदी मान वळवून त्या खुंटीकडे बघत होती.