सोनूबाईंची वारलेली बहीण

जोगेश्वरी (पूर्व),
१४ डिसेंबर १९८५

ती. सौ. सुंदराआत्येस,

चंद्रप्रकाशचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? काकांचा दमा कसा आहे? इकडे सगळं क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

कॉलेज अंधेरीला असलं तरी अंधेरीची खाट मला झेपेना. (मुंबईत विद्यार्थ्याला खोली मिळत नाही, खाट मिळते, आणि दर सहा महिन्यांनी तिचंही भाडं वाढतं.) म्हणून जोगेश्वरीला सोनूबाईंकडे आलो. त्यांच्या सोसायटीत भाडेकरू ठेवायला बंदी, तेव्हा आम्ही चौघेही त्यांचे भाचे. एक लातूरचा, एक जळगावचा, एक चिपळूणचा आणि मी. चौघांची आडनावं चार, त्यामुळे सोनूबाईंना चार बहिणी कराव्या लागल्या. (खऱ्या त्या एकुलत्या एक.) माझी आई त्यातली धाकटी, दर महिन्याला कुळीथ पाठवणारी. कुळीथ तुझे, नाव तिचं.

गेल्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजीराव जिन्यात भेटले आणि आई कधी येणार म्हणून विचारू लागले. भाडेकरू सापडला तर त्याच दिवशी वळकटी खाली, हे ठाऊक असूनही माझ्या तोंडून खरं निघून गेलं, की आई वारली. कधी, ते सांगायच्या आत गुणाजीराव वर धावले.

संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग आमच्या दारात. बहीण सहा वर्षांपूर्वीच गेली म्हणावं, तर गेल्या महिन्यात कुळीथ कोणी धाडले? सोनूबाईंनी मुकाट्याने पदर डोळ्यांना लावला. मुलगा गावी का गेला नाही, तर तार उशिरा आली, दिवसही उरकले, असं त्यांनी जुळवलं. तरी न्हाव्याकडे मला जावंच लागलं. (डोक्याला थंडी वाजते.) शेजारच्या विमलाताईंनी तीन दिवस पिठलं-भात पाठवला आणि चारही भाचे पोटभर जेवले. चौथ्या दिवशी तो बंद झाल्यावर लातूरचा भाऊराव आपल्या आईच्या प्रकृतीविषयी जिन्यात काळजी करू लागला.

आई गेली तेव्हा तुम्ही मला धाकूमामाकडे धाडलं होतंत. तिथे मी चार दिवस विटीदांडू खेळलो. इथे विमलाताईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रड रे बाबा. आईच होती ना ती." मग मी रडलो, आत्या, सगळ्यांसमोर, मोठ्याने. या मुंबईत मला फार एकटं वाटतं. सोनूबाईही रडल्या. त्यांचं खरं की खोटं, ते मी विचारलं नाही.

परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर खाट टिकली म्हणजे झालं. काकांना नमस्कार.

तुझा,
चंदू

ता. क. गुणाजीराव म्हणतात, एवढं दुःख झालं तर घरचं कोणी वडीलधारं येईलच. पुढच्या रविवारपर्यंत कोणी आलं नाही तर माझी वळकटी बाहेर. तेव्हा तू ये. आत्या म्हणूनच ये, तुला खोटं बोलावं लागणार नाही.

ता. क. २. गुणाजीराव असं काहीही म्हणालेले नाहीत. खाट मार्चपर्यंत शाबूत आहे. तरी ये.