सगळ्यांची तार

बाबा, आज आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला जुना बोर्ड काढला. आता नंबर आपोआप लागतील, मध्ये माणूस नको. दोऱ्या एका लाकडी खोक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. ज्या जागेवर मी इतकी वर्षं बसले तिथे भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. तो बघताना तुमच्या स्टेशनातला फोन आठवला, लाकडी पेटीतला, ज्याचा कानाला लावायचा भाग तुम्ही आधी धोतराच्या सोग्याने पुसायचात.

तुम्ही रेल्वेच्या छोट्या लाईनवरच्या, भिवापूरच्या पुढच्या एका स्टेशनावर पोर्टर. नागपुरातल्या इतवारीपासून आपल्या गावापर्यंत सगळ्या स्टेशनांना मिळून फोनची एकच तार होती. कोणत्या स्टेशनाला बोलवायचं ते घंटीच्या खुणेवरून कळायचं, पण फोन सगळेच उचलायचे. गाडी कुठवर आली, कोणाची म्हैस रुळावर आली, कोणाच्या मुलीचं जमलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. दोघे एकदम बोलू लागले की कोणाचंच धड समजायचं नाही, आणि मग उमरेडचे मास्तर ओरडायचे, "एका टायमाले एकानंच बोला बे! हे तार हाय का बजार हाय?" मी शाळेतून येऊन बाकावर बसलेली असायची आणि तुम्ही हसत मलाही ऐकवायचात.

माझा बी.ए.चा निकाल लागला तो याच तारेवर. मी नागपुरात होते. तुम्ही इतवारीच्या पोर्टरला पेपरात माझा नंबर बघायला सांगितलात. दुसऱ्या दिवशी मी गाडीने घरी निघाले, तर प्रत्येक स्टेशनावर कोणी ना कोणी खिडकीशी येत होतं. कुहीला गार्डने पेढा दिला, भिवापूरच्या मास्तरांनी लाल मिरच्यांची पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बी.ए. बाई, मायले द्या." आपल्या घरात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं; पण मला लाजच जास्त वाटली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी तुमच्यावर चिडले.

"काहून सांगतलं साऱ्या लाईनीले?"

"म्या त इतवारीलेच सांगतलं वं माय," तुम्ही म्हणालात. "बाकीच्यायनं आयकलं."

पुढे नागपूरच्या एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, तेव्हाही तुम्ही तसंच केलंत. त्या सुट्टीत मी चुलीपाशी बसून तुम्हाला माझं काम मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. समोर बोर्ड, त्यात प्रत्येक फोनचं एक भोक. दिवा लागला की विचारायचं, कोणाला लावू. आणि दोरी फक्त त्याच भोकात घालायची. शेजारच्या भोकाला पत्ता लागत नाही. एकाच वेळी वीस जोड्या बोलतात, कोणाचं कोणात मिसळत नाही. आम्हीसुद्धा ऐकायचं नाही, कोण बोलतंय ते विचारायचं नाही. मला ते फार पवित्र वाटायचं बाबा. माणसाचं बोलणं ज्याचं त्यालाच पोचावं, यासाठी मी शिकले असं मी मैत्रिणींना सांगायची. तुम्ही भाकर मोडत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चांगलं हाय. पण ज्याच्या घरी उचलाले कोणी नाही, त्याचं कसं व्हाचं?"

"तो पुन्हा लावंल," मी म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार. उमरेडची ऑपरेटर लाईनवर आली, नागपूरचा एक नंबर मागितला. नंबर माझ्याच होस्टेलचा होता. तिथे आम्ही तीस मुली राहायचो. कोणासाठी, ते विचारायचं नाही, आणि मी विचारलं नाही. दोरी घातली, घंटी दिली. सगळ्या कामावर गेलेल्या. वाजून वाजून थांबली. मी नेहमीच्या आवाजात "नो रिप्लाय" म्हटलं आणि दोरी काढून घेतली. पलीकडे उमरेडच्या पोस्टात काका उभे होते. छातीत कळ येऊन तुम्ही फलाटावर पडलात, तुम्हाला गाडीत घालून उमरेडच्या दवाखान्यात आणलं होतं, आणि मी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरचा एवढा एकच नंबर त्यांच्यापाशी होता.

अर्ध्या तासाने एक्स्चेंजच्या दारात एक म्हातारा सायकल टेकवून धापा टाकत उभा राहिला. चौकीदार त्याला आत सोडेना. तो ओरडत होता, "अरे, आमची बी.ए. बाई इथंच हाय! तिच्या बापानंच सांगतलं तारेवर!" इतवारीचा पोर्टर. उमरेडच्या मास्तरांनी तुमची खबर तारेवर घातली होती, कोण्या एकासाठी नाही, सगळ्यांसाठी. सगळ्यांनी ऐकली; त्यातल्या एकाला मी कुठे बसते ते माहीत होतं. त्याने मला सायकलवर मागे बसवून स्टेशनात नेलं. गाडी माझ्यासाठी पाच मिनिटं थांबवली होती, हे मला नंतर कळलं.

मी पोचले तेव्हा खिडकीत ऊन होतं. तुमचा हात गरम होता. तुम्ही डोळे उघडून आधी माझ्या नोकरीचंच विचारलंत. "तुह्या फोननंच समजलं न, माय?" किती कौतुक होतं त्या चेहऱ्यावर. काका पलंगाच्या पायथ्याशी होते; त्यांचा फोन लागला नव्हता हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. दोरी कोणी काढली, हे तर त्यांनाही माहीत नव्हतं.

मी "हो" म्हणाले. तुम्ही हसलात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेलात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. आज त्या खोक्यातली एक दोरी साहेबांना विचारून घरी आणली आहे, ती याच्यावर गुंडाळून ठेवीन. पण एवढं सांगते बाबा: त्या दिवशी माझ्या फोनने काही सांगितलं नाही. मला तुमच्या तारेने बोलावलं.