ऋत्विकला जपानी वळण

२ फेब्रुवारी, सोमवार
अनुपमा नर्सिंगच्या ट्रेनिंगला चिखलीला, माहेरी गेली. रविवारी एक चक्कर मारणार. म्हणाली, पोरगा सांभाळणं जमलं नाही तर ट्रेनिंग संपेपर्यंत त्याला तिकडेच नेईन. मी हसलो. शाळेत अख्खा वर्ग सांभाळतो, हे चार वर्षांचं पोर काय! जगभरचं पॅरेंटिंग यूट्यूबवर आहे. रजा टाकली. संकल्प: ओरडणार नाही, मारणार नाही, मोबाइल देणार नाही.

संध्याकाळी
मोबाइल दिला. अपवाद म्हणून.

३ फेब्रुवारी, मंगळवार
फ्रेंच पद्धत. तिकडे मुलं मोठ्यांचंच जेवण जेवतात. आपल्याकडे मोठ्यांचं जेवण म्हणजे ठेचा-भाकर, हे ऐनवेळी सुचलं नाही. किंकाळी ऐकून शेजारच्या शकीलाताई गूळ घेऊन धावल्या. "सर, लेकराले ठेचा काऊन देता?" त्यांच्या चिमुकल्या उमैमाच्या ताटात तो निमूट वरणभात जेवला म्हणे. यात फ्रान्सचा दोष नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
अमेरिकन पद्धत. भावनेला नाव द्यायचं. ऋत्विक अंगणात लोळत होता. खाली बसून म्हटलं, तुला राग आलाय, मला समजतंय. तो म्हणाला, "तुले काही समजत नाही बे." बे! बापाला! ओरडलो. पण शांतपणे.
नंतर दिवसभर तो शकीलाताईंकडे. त्यांनी नुसतं "चल रे" म्हटलं की उठतो. मी हाका मारल्या, वळूनही बघेना. माझंच पोर मला परकं होत चाललंय.

७ फेब्रुवारी, शनिवार
शेवटचा उपाय जपान. तिकडे एवढीशी पोरं एकटी दुकानात जातात. ऋत्विकला अब्दुल गनींच्या दुकानात मीठ आणायला धाडलं. कोपऱ्यावरूनच गल्लीतल्या रुक्मिणीबाई त्याला कडेवर घेऊन परत. "एकटं लेकरू सोडते का कोनी?" पुन्हा धाडलं. गावातल्याच शिवमने मोटरसायकलवर आणून सोडलं, वर बिस्किटपुडा. आमच्या जानेफळात स्वावलंबन अशक्य! उद्या मी लपून मागे राहणार. अनुपमा बघेल आणि गप्प होईल.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
धाडलं. मी विजेच्या डीपीच्या आडोशाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडून खुणावलं, राहू द्या. पुन्हा डोकावलो तर पोरगा नाही. दुकान बंद, गनीभाई गायब. बसथांब्यावर नाही. विहिरीतही वाकून पाहिलं. देवा, मोबाइल देईन, काहीही देईन, पोरगा दे.
तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. "अविनाश सर हारपले हायेत. निळा शर्ट, पोट मोठं. रागावले तं भेऊ नका. त्यायचा ऋत्विक इथं वाट पाहून राह्यला. कोनाले दिसले तं आणून द्या."
मीठ घेऊन निघाल्यावर बाबा कुठे दिसेना, म्हणून त्यानेच गनीभाईंना ग्रामपंचायतीत ओढत नेलं होतं. अनुपमा तेव्हाच जीपमधून उतरत होती. तिने सगळं ऐकलं.

संध्याकाळी
ऋत्विक आईसोबत चिखलीला गेला, ट्रेनिंग संपेपर्यंत. मीठ मात्र त्याने बरोबर आणलं होतं, म्हणजे जपानी पद्धत यशस्वी. जीपमध्ये बसताना शकीलाताईंना बजावून गेला, "माह्या बाबाले एकटं सोडू नका."
उमैमा जेवायला न्यायला आली आहे. बोट धरा म्हणते. जातो.