स्थळ क्रमांक ३१७ चं स्थलांतर

१० नोव्हेंबर, सोमवार. लातूर
आपल्या वधू-वर केंद्राचा सगळा डेटाबेस नांदेड शाखेच्या क्लाउड खात्यातून लातूरच्या नव्या खात्यात न्यायचाय. मालक शेषेरावअण्णांनी काम माझ्यावर सोपवलं. सोपवणारच. एकूण ४,२१२ स्थळं. त्यातलं ३१७ म्हणजे मी. वय ३४ (सहा वर्षांपूर्वी भरलेलं. बदलायला वेळ मिळाला नाही).

११ नोव्हेंबर, सकाळी १०
कॉपी सुरू. दोन दिवस लागतील. नांदेडहून केवळाबाईंचा फोन. तिथलं सगळं त्याच भरतात. म्हणाल्या, मन्मथभाऊ, कॉपी चालू हाय तवर जुन्यात लिहिणं बंद ठेवू का, न्हाईतर इकडचं तिकडं जुळायचं न्हाई. म्हटलं, काही गरज नाही, मी बसलोय ना.
खरं कारण: बंद ठेवलं तर दोन दिवस ३१७ ला कुणालाच पसंती कळवता येणार नाही. तेही ऐन लग्नसराईत!

१२ नोव्हेंबर
कॉपी पूर्ण. दोन्हीकडचे आकडे ताडून बघा असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. नवशिक्यांसाठी असेल. यशाबद्दल पार्टी केली. हॉटेलवाल्यानं विचारलं, एकच प्लेट? म्हटलं, एकच.

१३ नोव्हेंबर
नवं खातं चालू. केवळाबाई म्हणतात, मंगळवारी-बुधवारी भरलेलं एकबी दिसून राहिलं न्हाई. रिफ्रेश करा म्हटलं.

१४ नोव्हेंबर
मुखेडच्या सटवाजींचा फोन. मुलाची सुपारी मंगळवारीच फुटली. केवळाबाईंनी जुन्यात 'जमलं' लिहिलं होतं. नव्यात पोरगा अजून मोकळाच. तीन मुलींकडून विचारणा आली, व्याही घरात बसलेले असताना. सटवाजी पुढे जे बोलले ते इथे लिहीत नाही.
अण्णा म्हणाले, दोन्ही खाती ओळ न् ओळ ताडून बघ, लई झालं तुझं. रविवारी बसणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी कपडे धुतले. मग ३१७ चा फोटो बदलला. दुपारी शांतपणे विचार केला. दोन खाती आहेत म्हणून तुलना, आणि तुलना आहे म्हणून भांडणं. जुनं खातं बॅकअपसकट डिलीट केलं. आता विसंगती शून्य. हलकं वाटलं.

१७ नोव्हेंबर
केवळाबाईंनी त्या दोन दिवसांचं सगळं वहीतही लिहून ठेवलं होतं. सटवाजींच्या मुलासकट सगळं परत भरलं. (तशी सूचना मीच दिली असणार.)
एक तेवढं वहीत नाही. बुधवारी किल्लारीकडच्या एका मुलीनं स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवलं आणि लगेच एका स्थळाला पसंती कळवली. ३१७ ला. केवळाबाई म्हणाल्या, तुमचंच हाय, तुमी बघितलंच असंल म्हणून लिवलं न्हाई, भाऊ. नाव विचारलं. बबिता व्हतं का सविता, ध्यानात न्हाई म्हणाल्या.
सहा वर्षांतली पहिली पसंती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आठ दिवसांत उत्तर गेलं नाही की मुलीकडचे नकार समजतात. केंद्राच्या फॉर्मवर ही ओळ मीच टाइप केलीय. आज आठ दिवस झाले.
किल्लारीला बस आहे. पण उतरून कुणाला काय विचारणार?
पसंती मोजल्या. जुन्यात एक होती, नव्यात एकही नाही. पुन्हा मोजल्या.
संध्याकाळी ३१७ उघडून वय ४० केलं. तेवढं एक जुळलं.